वकीलसाहेबांच्या मोटारीवरची हळद

मोटार पुसणं हे काम आहे असं आमच्या म्हैसुरात कुणाला वाटत नसे. मोटार चालवणं हे काम, दुरुस्त करणं हे त्याहून मोठं काम, आणि पुसणं म्हणजे रिकाम्या माणसाच्या हाती दिलेलं फडकं. हे मी आयुष्यभर ऐकत आलो. ज्यांनी कधी रोगणावर बोट फिरवून पाहिलं नाही तेच हे बोलतात, आणि बोलता बोलता मीच चमकवलेल्या दारात स्वतःच्या मिशा बघून घेतात. राग येतो. आता हात थरथरतात, पण राग काही कमी झालेला नाही.

महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट आहे. गावात मोटारी इतक्या थोड्या होत्या की हॉर्न ऐकून कुणाची ते सांगता येई. त्यातल्या बऱ्याचशा आमच्या शेडमध्ये यायच्या. शेड अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीच्या, कडेला होती. पूर्वी तिथं बग्ग्या बनत. पुढं घोडे गेले, मोटारी आल्या, आणि बग्ग्यांचे तेच सुतार, तेच रोगणवाले मोटारींना हात लावू लागले. शेडचा सगळा कारभार मेस्त्रींकडे होता. तेही आमच्यासारखेच मराठी घरातले, पण त्यांचे आजोबा संस्थानाच्या घोडदळात होते आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगतच. मी रंगाऱ्याचा मुलगा. हेही ते दिवसातून एकदा तरी सांगत.

रंगारी म्हणजे आम्ही कापड रंगवणारे आणि छापणारे. अप्पांच्या हातचं तांबडं लुगडं तीन पिढ्या टिके असं लोक म्हणत. मग बाजारात जर्मन रंगाच्या पुड्या आल्या. पाण्यात टाकली पुडी की झाला रंग. अप्पांचे रांजण कोरडे पडले. अप्पा परसात बसून त्या रांजणांकडे बघत, आणि घरची चूल माझ्या फडक्यावर चालायची. दुसरं मिळवणारं कुणी नव्हतं. त्यामुळं शेडमधली माझी जागा गेली तर घरात काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर काम. मोटार धुण्याची एक रीत आहे. उन्हात धुवायची नाही. इंजिन तापलेलं असताना पाणी घालायचं नाही. आधी नुसतं पाणी वरून सोडायचं, हात लावायचा नाही; कारण आमच्याकडची तांबडी माती रेतीसकट येते आणि ओल्या मातीवर पहिलाच हात जोरात फिरवलात की रोगणावर कायमच्या रेघा. मग रीठ्याचं कोमट पाणी. मग मऊ चामडं, त्याला आम्ही शॅमी म्हणायचो, ते पिळून एकाच दिशेनं ओढायचं. हेग्गडदेवनकोट्याच्या जंगलातून शिकारीहून आलेल्या गाड्यांवर बांबूचे ओरखडे असत. ते बारीक चाळलेली राख तेलात कालवून, बोटाच्या टोकानं, अर्धा अर्धा दिवस घासून घालवावे लागत. पितळी दिव्यांना चिंच. आणि सगळ्यात शेवटी लेप.

लेप ही माझी खास गोष्ट. रोगणवाल्यानं दहा-बारा हात रोगण चढवलं तरी आमच्या उन्हात आणि पावसात ते दोन वर्षांत मरगळतं. म्हणून त्यावर मेणाचं, राळेचं, नाहीतर विलायती डब्यातलं एक पातळ कवच बसवायचं. निरनिराळे डबे मद्रासहून येत. प्रत्येक डब्यावर एक चकचकीत मोटार छापलेली आणि आत काय आहे ते देव जाणे. मी कुठलाही लेप सरळ गिऱ्हाइकाच्या गाडीला लावत नसे. शेडच्या मागच्या भिंतीला मोडक्या मडगार्डाचा मोठा पत्रा टांगला होता. त्यावर रोगणवाल्यानं गाडीसारखंच रोगण चढवून दिलं होतं. दोऱ्यानं चौकोन आखून मी एकेका चौकोनात एकेक लेप लावी. मग त्याला ऊन, पाऊस, चिंचेचा कोळ, कबुतराची घाण, तांबडा चिखल, सगळं दाखवी. पंधरा दिवस. पंधरा दिवसांत लेपाचा खरा स्वभाव कळतो.

ही पद्धत मी अप्पांकडून उचलली. अप्पा नव्या मुळाचा किंवा सालीचा रंग कधी आख्ख्या कापडावर चढवत नसत. आधी वीतभर चिंधी. ती धुवायची, वाळवायची, पुन्हा धुवायची. "नमुना बोलेपर्यंत रंगाऱ्यानं बोलू नये," असं ते म्हणायचे.

मेस्त्री त्या पत्र्याला रंगाऱ्याची गोधडी म्हणत. हसायचे. पण कुठल्या गाडीला कुठला लेप लावायचा हे ठरवताना गुपचूप मागं जाऊन गोधडीच बघून येत. मी कितीदा तरी पकडलं आहे त्यांना.

एके वर्षी दसरा सहा दिवसांवर आला असताना मद्रासचा एक एजंट नवा लेप घेऊन आला. बाटलीत होता, मधासारखा. म्हणाला, एक हात लावा आणि वर्षभर विसरा. ज्याला स्वतःची कॉलर आठवडाभर स्वच्छ ठेवता येत नव्हती तो मला वर्षाचा वायदा सांगत होता. मी पत्र्यावर एक चौकोन त्याला दिला. दुसऱ्या दिवशी चमक सुरेख आली होती, हे मान्य करतो. पण नख टेकवलं की खूण उमटत होती. आतून ओला होता.

त्याच दिवशी वकीलसाहेबांची गाडी आली. वकीलसाहेब गावातले मोठे वकील, आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. गाडी नवी, आणि सायीच्या रंगाची. तोपर्यंत म्हैसुरात मोटार म्हणजे काळी, नाहीतर गर्द हिरवी. ही पहिलीच अशी. बघायला रस्त्यावर माणसं उभी राहिली. साहेबांना ती दसऱ्याला मिरवायची होती. मेस्त्रींनी ती बाटली माझ्यापुढं ठेवली.

"हा लाव. उद्याच."

"मेस्त्री, पंधरा दिवस द्या. पत्र्यावर कळू दे."

"दसरा पाच दिवसांवर आलाय, नोडप्पा, बघ की जरा. पंधरा दिवस कुठून आणू? तुझ्या घरून?"

"मग दसरा झाल्यावर लावू. अजून ओला राहतोय तो, नख उमटतंय."

"अय्यो, ही काय लुगडी आहेत रे, तुझ्या अप्पाच्या रांजणात बुडवायची? सुम्मने, मुकाट्यानं, लाव म्हटलं की लावायचं!"

दोन फिटर शेजारच्या गाडीखाली निजून काम करत होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. एक जण हसलासुद्धा. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं त्या दोघांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

लावला. करतो काय? पण लावला तो माझ्या परीनं नीट. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, दारं लावून घेतली, आणि अगदी पातळ हात दिला. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या निम्मा.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा. म्हैसुरात तो दिवस दसऱ्याहून कमी नाही. पाना-हातोड्यांपासून मोटारींपर्यंत सगळं धुऊन पुसून मांडलं होतं. गाड्यांना केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, फोडायला कोहळा. वकीलसाहेबांनी गाडी पूजेला शेडमध्येच पाठवली होती, आणि ती मधोमध उभी होती. बॉनेटवर हळदीचे तीन पट्टे ओढायचे असतात. मेस्त्री म्हणाले, "तूच ओढ. हात सरळ आहे तुझा." एवढं एक ते मान्य करत.

मी हळद घरून नेली होती.

आता आमच्या घरची खंडेनवमीची हळद कशी असते ते सांगतो. आई ती दोन दिवस आधी करायला घेई. राळ एरंडेलात मंद आचेवर विरघळवायची, तिच्यात हळद आणि चिमूटभर तुरटी घालून खलत बसायचं, मऊ लोण्यासारखं होईपर्यंत. ही आम्ही रांजणांना, लाकडी ठशांना, तांब्याच्या भांड्यांना लावायचो. ते सगळं बाकीचं वर्षभर छपराखाली, पाण्यात बुडालेलं, तरी हळदीची बोटं पुढच्या नवमीपर्यंत तशीच. रंगाऱ्याच्या रांजणावरची हळद धुपून गेली तर शेजारच्या बायका बोलायच्या की यांच्या हातात रंग उरला नाही. लहानपणापासून मी पूजेची हळद म्हणून हीच पाहिली. इतर घरांत बाजारची पूड पाण्यात कालवतात हे मला ठाऊक होतं का? ठाऊक असणारच. पण डोक्यात ते कधी आलंच नाही. तीन बोटं त्या वाटीत बुडवली आणि सायीच्या रंगावर तीन पट्टे ओढले. बॉनेटवर, दोन्ही दारांवर. मागं एक स्वस्तिक. इतके सरळ आले की पूजा सांगणारे भटजीसुद्धा थांबून बघायला लागले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरनं घरी गाडी धुवायला काढली. पट्टे जाईनात. त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं, मग नखानं खरवडलं, आणि शेवटी कपडे धुवायचा सोडा आणला. हळदीला सोडा लागला की काय होतं हे आमच्याकडं पाच वर्षांचं पोर सांगेल. पिवळे पट्टे लालभडक झाले. म्हैसुरातल्या सगळ्यात देखण्या मोटारीवर कुणीतरी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्यासारखं दिसत होतं.

वकीलसाहेब स्वतः शेडमध्ये आले. ते कानडीत बोलत. मी आपल्या भाषेत सांगतो. आवाज चढवला नाही त्यांनी. गाडीकडं बोट केलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मेस्त्री क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. "साहेब, नवा लेप होता. मी याला बजावलं होतं, पुरता वाळू दे म्हणून. यानं ऐकलं नाही. ओल्या लेपावर हळद ओढली. घाई याची."

मी! घाई माझी! पंधरा दिवस मागणारा मी, आणि लुगड्यांवरून मला हिणवणारा हा माणूस साहेबांपुढं हात जोडून उभा राहतो आणि माझंच वाक्य आपल्या तोंडात घालून मला मारतो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी साहेबांपुढंच बोललो. सगळं. पंधरा दिवसांचं, नखाचं, लुगड्यांचं. "या दोघांना विचारा," म्हटलं फिटरांकडं वळून.

एकानं पान्याकडं बघितलं. दुसरा म्हणाला, "गोत्तिल्ला साहेब. आम्ही गाडीखाली होतो." माहीत नाही म्हणे! गाडीखाली असले की माणसाचे कान बंद होतात हे मला त्या दिवशी कळलं.

वकीलसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुझा तो नमुन्यांचा पत्रा आहे म्हणतात. त्यावर करून दाखव. लेप ओला असल्यानं डाग पडला हे दिसलं तर ओला लेप कुणी लावायला लावला हा प्रश्न मी मेस्त्रींना विचारीन. तुझ्या हातच्या चुकीनं पडला असेल तर तुझं इथं काम नाही. दहा दिवस देतो."

मला वाटलं, जिंकलो. पत्रा माझा, चौकोन माझे, आणि खरं माझ्या बाजूला. घरी येऊन अप्पांना छाती फुगवून सांगितलं की दहा दिवसांत मेस्त्रींचं तोंड बंद करतो.

पत्रा परसात आणला. तीन भाग केले. एका भागावर लेप ताजा, तीन दिवसांचा. दुसऱ्यावर, आधीच्या चौकोनातला, चांगला मुरलेला. तिसरा भाग नुसत्या रोगणाचा, लेपाशिवाय. तिन्हींवर हळदीचे पट्टे ओढले, तीन दिवस ठेवले, रीठ्याच्या पाण्यानं पुसले. सगळे गेले. मुरलेल्या लेपावरून गेले, नुसत्या रोगणावरून गेले, आणि ताज्या, ओल्या लेपावरूनसुद्धा गेले. एक अगदी पुसट पिवळसर छटा राहिली, तीही दुसऱ्या पुसण्यात गेली.

मी पत्र्यासमोर उकिडवा बसून राहिलो. हे कसं? मग लक्षात आलं की घाईत मी स्वयंपाकघरातली बाजारची पूड घेतली होती. पूजेची वाटी फळीवर तशीच होती, थोडी उरलेली. ती आणली. तिन्ही भागांवर पुन्हा ओढली.

तीन दिवसांनी पुसलं तर तिन्ही भागांवर पट्टे जसेच्या तसे. ओल्यावर, मुरलेल्यावर, आणि ज्या रोगणाला लेपाचा वासही लागला नव्हता त्याच्यावरही.

अप्पा मागं येऊन उभे होते. ते म्हणाले, "राळ आणि एरंडेल. अरे, ती हळद कुठली? तो रंगच की. तुला मीच शिकवला, बसवायचा कसा ते."

आई दारात होती. "माझ्या हातानं झालं काय की?" असं तिनं विचारलं, आणि मी तिच्यावर ओरडलो. "कुणी सांगितलं होतं एवढं घट्ट करायला? रांजण कोरडे पडून किती वर्षं झाली, आता कुणाला दाखवायचंय?" ती आत गेली. मेस्त्रींवरचा सगळा राग मी तिच्यावर काढला. या एका वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यातल्या दुसऱ्या कशाची वाटत नाही.

आणि तरी, हे लिहितानाही माझं डोकं तापतं, कारण मी खोटं कुठं बोललो होतो? पंधरा दिवस मी मागितलेच होते. मेस्त्री खोटं बोललेच होते. त्यांच्या खोट्याला आणि माझ्या चुकीला एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. पण पत्रा जसा होता तसा नेला तर दोन्हींची मोट बांधली जाणार हे मला दिसत होतं.

पत्रा तसाच न्यायला हवा असं थोडंच होतं. नुसत्या रोगणावरचे आणि मुरलेल्या लेपावरचे पट्टे घासून काढायचे, तिथं बाजारची हळद ओढून पुसून टाकायची, आणि ओल्या लेपावरचे तेवढे ठेवायचे. अर्ध्या दिवसाचं काम. कुणाला कळलं नसतं. मेस्त्रींना त्यांच्याच खोट्याची फेड मिळाली असती आणि माझी नोकरी राहिली असती. मी राख चाळायला घेतलीसुद्धा.

अप्पांनी चाळणीकडं बघितलं. रागावले नाहीत. "कर," म्हणाले. "चूल तुझ्यावर आहे, मी काय सांगू. फक्त नंतर त्याला नमुना म्हणू नको."

मी चाळणी ठेवून दिली. पुण्य वगैरे काही मनात नव्हतं. माझा सगळ्या जगावरचा राग त्या एका पत्र्याच्या आधारानं उभा होता. तोच खोटा केला तर मी ओरडणार कुठल्या तोंडानं?

दहाव्या दिवशी पत्रा डोक्यावर घेऊन वकीलसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. मेस्त्री आधीच येऊन पडवीत उभे होते. मी सगळं सांगितलं. दोन हळदी, तीन भाग, आईची राळ, आमची रीत. साहेबांनी चष्मा लावून पत्रा बघितला. बोटानं घासूनही बघितला.

"म्हणजे चूक तुझी."

"हळदीची चूक माझी, साहेब. पण लेपासाठी पंधरा दिवस मी मागितले होते. 'वाळू दे' हे मेस्त्री कधीच बोलले नाहीत. उलट मीच…"

"थांब." साहेबांनी हात वर केला. "लेप ओला असल्यानं डाग पडलेला नाही, हे आत्ता तूच दाखवलंस. मग तो वाळू द्या असं कोण म्हणालं आणि कोण नाही, हा मुद्दाच उरत नाही. निकाली निघाला."

निकाली निघाला! माझ्याच पत्र्यानं माझंच तोंड बंद केलं. मेस्त्रींना बोलायची गरजच उरली नव्हती. सदऱ्याची बाही नीट करत ते बागेकडं बघत होते. मला असं वाटलं की ओरडावं, साहेब, तुमच्या कोर्टात न्याय होतो की फक्त मुद्दे मोजतात? पण मी पत्रा तेवढा उचलून भिंतीला टेकवला.

साहेबांनी विचारलं, "गाडी स्वच्छ होईल का?"

ते मात्र मला माहीत होतं. हळदीचा रंग कितीही बसवा, उन्हापुढं त्याचं काही चालत नाही. म्हणून तर अप्पा नुसत्या हळदीनं कधी लुगडं रंगवत नसत. मी म्हटलं, गाडी आडोशाला ठेवू नका, उघड्यावर आणा. आधी लिंबाचा रस लावून लाल पुन्हा पिवळं केलं. मग रोज सकाळी गाडी बंगल्यापुढच्या मैदानात, ऊन फिरेल तशी फिरवत. येणारे-जाणारे विचारत, साहेबांना गाडीला शेड नाही की काय? मी दिवसभर तिथं बसून असे. रोगण तापून तडकू नये म्हणून डाग सोडून बाकीच्या अंगावर ओली चादर टाकायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. हळूहळू पट्टे फिके पडले. मग पिवळटसर. मग फक्त तिरकं बघितल्यावर राळेची एक पुसट साय दिसायची, ती मी टर्पेंटाइनचा थेंब घेऊन, बोटाच्या टोकानं, वर्तुळं वर्तुळं करत उतरवली. चार बोटं जागेला एक आख्खी दुपार. शेवटी सगळ्या गाडीवर नवा हात, माझ्या जुन्या मेणाचा.

साहेब बाहेर आले. भोवती फिरले. वाकून बघितलं. मग मेस्त्रींना बोलावून म्हणाले, "याला ठेवा. हात चांगला आहे."

"सरी साहेब," मेस्त्री म्हणाले. "मी कुठं काढतोय? पोर गुणी आहे. फक्त घाई करतो."

फक्त घाई करतो!

मी साहेबांकडं वळलो. म्हटलं, "साहेब, एकच प्रश्न विचारा यांना. तुमच्यासमोर. मी पंधरा दिवस मागितले होते की नाही, एवढाच." साहेब गाडीच्या दाराचं कडं चाचपत होते. खूश होते. "आता कशाला ते?" म्हणाले. "झाली ना गाडी." आणि आत बसून फेरी मारायला निघून गेले.

शेडमध्ये परत आलो तेव्हा फिटर जेवायला गेले होते. मेस्त्री आणि मी, दोघंच. मी तोंड उघडलं असतं तर हातही उचलला असता. मेस्त्रींनी कोट काढला, खुंटीला अडकवला, आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाले, "हौदु रे. मागितले होतेस तू. पंधरा दिवस. ठाऊक आहे मला."

"मग सांगा की! साहेबांना सांगा! त्या दोघांना सांगा!"

"आता काय सांगायचं? मला पण इथंच राहायचंय. माझ्या आजोबापासून या गावात मान आहे." ते वळले. चेहऱ्यावर तोरा नव्हता, हे मी कबूल करतो. थकलेले दिसले. "तुला सांगितलं ना. आयितु की."

झालं म्हणे! मला सांगितलं! जे मला ठाऊकच होतं ते मला सांगून हा माणूस मोकळा झाला. खोटं बोलायला दहा माणसं लागली होती आणि खरं बोलायला रिकामी शेड. मी म्हटलं, "मेस्त्री, हे मला नको. हे तुम्ही बाहेर बोला, नाहीतर बोलूच नका."

दारात डॉक्टरांची गाडी उभी होती. हेग्गडदेवनकोट्याच्या रस्त्यानं आलेली, काचांपर्यंत तांबडी. संध्याकाळी त्यांना कुठंतरी लग्नाला जायचं होतं. मेस्त्री तिच्याकडं बघून म्हणाले, "ती घे."

मी घेतली. माझ्या मनात स्पष्ट होतं की आज फडकं फिरवायचं आणि सोडून द्यायचं. रेघा पडल्या तर पडू देत. पुसणं हे कामच नाही ना, मग कसंही पुसावं. मी बादली भरली. वरून पाणी सोडलं, हात न लावता, माती सुटेपर्यंत. रीठा कोमट करून आणला. चामडं पिळलं आणि एका दिशेनं ओढत गेलो. मडगार्डाच्या आतली, कुणाला कधी दिसणार नाही ती जागासुद्धा पुसून काढली. संध्याकाळी डॉक्टर आले, बघून खूश झाले आणि मेस्त्रींना शाबासकी देऊन गेले.

निदान त्या एका दिवशी तरी ती गाडी मी वाईट धुवायला हवी होती. मला ते जमलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.